खिशातला सेल आणि मांडीवरचा व्रण

डिसेंबरच्या सुट्टीतली गोष्ट. आमच्या दवाखान्यात वर्षानुवर्षे येणारे एक निवृत्त गुरुजी मुलाला घेऊन आले. मुलगा इंग्लंडमध्ये इंजिनिअरिंगचे पुढचे शिक्षण घेतो. त्याच्या उजव्या मांडीवर तळहाताएवढा भाजल्याचा व्रण होता. जखम भरली होती, पण कातडी ताणली गेली होती आणि खाज सुटत होती. घरी त्याने गरम पाणी सांडल्याचे सांगितले होते. तपासायला पडद्याआड घेतल्यावर मात्र हळूच म्हणाला, "काका, पाणी नव्हतं सांडलं. ई-सिगारेटचा जादा सेल खिशात होता. किल्ल्याही त्याच खिशात होत्या. एकदम जाळ झाला."

पडदा पातळ असतो. गुरुजींनी ऐकले. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग मुलानेच विचारले, "काका, मी सोडणार आहे, पण लगेच जमेल असं वाटत नाही. तोवर काय काळजी घ्यायची?" गुरुजी उसळून म्हणाले, "डॉक्टर, काळजी कसली शिकवताय? सोड म्हणून सांगा!"

दोघांचेही म्हणणे मला पटले. म्हणून दोन्ही सांगितले. तेच आज वाचकांसाठी लिहीत आहे.

आधी कायदा. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवण यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. साठवणुकीला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा परदेशातून येताना हे उपकरण सोबत आणू नये. इंग्लंडमध्ये मात्र १८ वर्षांवरील व्यक्तीला ते विकत घेता येते. तेथे १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आली. त्यामुळे आता पुन्हा चार्ज करायची उपकरणेच विकली जातात. काहींमध्ये सेल बदलताही येतात. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले तिकडे शिकत आहेत, म्हणून हा विषय आपल्या घरापर्यंत आला आहे.

उपकरण चालते कसे?

यात तीन भाग असतात. वीज देणारा लिथियम-आयन सेल, त्या विजेने तापणारी तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल, आणि कॉइलभोवतीच्या कापसात मुरणारा निकोटिनयुक्त द्रव. कॉइल तापली की द्रवाची वाफ होते आणि ती ओढली जाते. पाणी तापवायच्या आपल्या कॉइलचेच हे धाकटे भावंड.

घरात दिव्याचे प्लग ५ अँपिअरचे आणि गीझरचे १५ अँपिअरचे असतात, हे आपण जाणतो. ५ च्या प्लगला गीझर लावला तर वायर तापते, वास येतो, फ्यूज उडतो. सेलचेही तसेच आहे. प्रत्येक सेल सतत किती अँपिअर देऊ शकतो याची मर्यादा ठरलेली असते. कॉइल त्याहून जास्त मागू लागली, तर सेल 'नाही' म्हणत नाही. तो देत राहतो आणि आतून तापत जातो. एका मर्यादेपलीकडे आतली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागते. मग बटण सोडून उपयोग नसतो. सेल फुटतो.

शाळेतले एक सूत्र

गुरुजींनी हे सूत्र शेकडो मुलांना शिकवले असेल. व्होल्टला ओहमने भागले की अँपिअर मिळतात. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा असतो. कॉइल १ ओहमची असेल तर ४.२ अँपिअर वीज वाहील. ०.५ ओहमची असेल तर ८.४ अँपिअर. ०.२ ओहमची असेल तर २१ अँपिअर. ०.१ ओहमची असेल तर ४२ अँपिअर! म्हणजे ओहमचा आकडा जितका लहान, तितका सेलवरचा बोजा मोठा. मुले नेमकी इथेच फसतात. लहान आकडा पाहून त्यांना वाटते, हे सौम्य असेल.

सेलमध्ये '१८६५०' हा आकार फार वापरला जातो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव. या आकाराच्या बहुतेक अस्सल सेलची सतत वीज देण्याची मर्यादा १० ते ३० अँपिअरच्या दरम्यान असते. काही सेलवर याहून मोठा आकडा छापलेला असतो. तो बहुधा क्षणभर देता येणाऱ्या विजेचा असतो किंवा निव्वळ थाप असते. हिशोब धरायचा तो सतत देता येणाऱ्या विजेचाच. 'एमएएच' हा आकडा वेगळा. सेल किती वेळ पुरेल ते त्यावरून कळते, किती जोर सोसेल ते नव्हे. किंबहुना एकाच आकाराच्या सेलमध्ये साठा वाढला की जोर सोसण्याची ताकद बहुधा कमी होते. '९९०० एमएएच' असे छापलेला १८६५० सेल दिसला तर तो हातातही घेऊ नये.

उपकरणांचे दोन प्रकार असतात. पहिल्यात कोणतेही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसते, सेल थेट कॉइलला जोडलेला असतो. वरचा हिशोब जसाच्या तसा लागू पडतो तो इथे. फ्यूज नसलेल्या घरासारखे हे उपकरण आहे. ते वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या प्रकारात वॅट ठरवून देता येतात आणि सर्किट बाकीचे सांभाळते. इथे सेलवरचा बोजा कॉइलच्या ओहमवर नव्हे, तर ठरवलेल्या वॅटवर अवलंबून असतो. वॅटला सेलच्या व्होल्टने भागावे. ८० वॅट ठेवले आणि सेल उतरून ३.२ व्होल्टवर आला, तर २५ अँपिअर होतात. सर्किटमध्ये सुमारे दशांश वीज वाया जाते, ती धरली तर जवळजवळ २८. सेल उतरत जातो तसा बोजा वाढत जातो, हे लक्षात ठेवावे. तोच बोजा दोन सेलांवर वाटला तर प्रत्येकी १४ येतो. म्हणून एका सेलच्या उपकरणात मोठे वॅट लावू नयेत. दोन सेल वापरायचे असतील तर ते एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले आणि कायम एकत्रच चार्ज केलेले असावेत. बैलजोडीत एक तगडा आणि एक थकलेला असला की काय होते, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

कॉइल, वॅट आणि द्रव

प्रत्येक तयार कॉइलवर किती वॅट चालतील ते छापलेले असते. उदाहरणार्थ, ०.८ ओहम, १२ ते १६ वॅट. त्याहून जास्त वॅट दिले की कापूस कोरडा पडून जळतो. घशाला चरका बसतो आणि वाफेत फॉर्माल्डिहाइड, अॅक्रोलिन यांसारखी विषारी द्रव्ये वाढतात. नव्या कॉइलचा कापूस द्रवात पाच-दहा मिनिटे भिजू द्यावा आणि सुरुवात खालच्या वॅटने करावी. जळका वास आला की थांबावे.

इंग्लंडमध्ये द्रवातील निकोटिनची कमाल मर्यादा १ मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. असा कडक द्रव कमी वॅटच्या कॉइलसाठीच असतो. तोच ६०-७० वॅटच्या कॉइलमध्ये घातला तर एका झुरक्यात कितीतरी जास्त निकोटिन शरीरात जाते. मळमळ, चक्कर, धडधड सुरू होते. हा द्रव लहान मुलाच्या पोटात गेला तर जिवावर बेतते.

खिसा ही सर्वांत धोक्याची जागा

गुरुजींच्या मुलाने वॅट आणि कॉइलचा मेळ बरोबर ठेवला होता. त्याला भाजले ते सुट्या सेलमुळे. सेलचा जवळजवळ सगळा पत्रा हे ऋण टोक असते. वरचे प्लास्टिकचे वेष्टण फाटले आणि किल्ली किंवा नाणे दोन्ही टोकांना टेकले की शॉर्ट सर्किट होते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगीच्या आणि स्फोटाच्या १९५ घटना नोंदवल्या. त्यांत १३३ जण जखमी झाले, ३८ जणांच्या जखमा गंभीर होत्या. तेथेच २०१८ आणि २०१९ मध्ये उपकरण फुटून एकेक तरुण दगावला.

म्हणून सुटा सेल नेहमी प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. वेष्टणाला चीर पडलेला, चेपलेला, फुगलेला सेल वापरू नये. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेला सेल तर नकोच. चार्जिंग उशाशी किंवा अंथरुणावर करू नये, आणि लावून झोपू नये. आपल्याकडच्या विजेरीत आणि पॉवर बँकेतही असेच सेल असतात. हे नियम त्यांनाही लागू आहेत.

सेल फुटून भाजलेच तर पेटलेले किंवा द्रव लागलेले कपडे आधी काढावेत. त्वचेला चिकटलेला कपडा मात्र ओढू नये. जखमेवर निदान २० मिनिटे वाहते पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट काहीही लावू नये. रुग्णालयात गेल्यावर 'लिथियमची बॅटरी फुटली' हे न लपवता सांगावे. सेलमधल्या रसायनांनी आग विझल्यावरही कातडी जळत राहू शकते आणि उपचार त्यानुसार बदलतात. आपल्या या मुलाने तिथल्या डॉक्टरांना खरे सांगितले, म्हणून तो लवकर बरा झाला.

आता गुरुजींचे म्हणणे. सेल आणि कॉइलचा मेळ बसवला म्हणजे भाजणे टळेल, निकोटिनचे व्यसन टळणार नाही. ते सोडण्यासाठी निकोटिनचा च्युइंगम, पट्टी आणि औषधे मिळतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घ्यावीत. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी आपल्या देशात १८००-११२-३५६ ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे.

निघताना मुलाने सोडण्याची तारीख माझ्याच चिठ्ठीवर लिहून घेतली. गुरुजी दाराशी थांबून म्हणाले, "पाणी सांडलं म्हणाला, तेव्हा मीही खोलात विचारलं नाही." पालकांनो, रागवायचे तर जरूर रागवा, पण आधी विचारा. मूल घरी खरे सांगू शकले, तर डॉक्टरांचे निम्मे काम झालेले असते.