सायकल रस्त्याच्या कडेपासून किती दूर?

सायकलवाल्यानं रस्त्याच्या अगदी डाव्या कडेनं जावं, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. डावी बाजू बरोबरच आहे, घात करतो तो ‘अगदी’ हा शब्द. गेली सोळा वर्षं मी कोथरूडहून शहरात सायकलनं कामाला जातो आणि मला अधिक धास्ती वाटते ती मागून येणाऱ्या बसपेक्षा या कडेची.

कडेला काय नसतं? पावसाळी गटारांच्या जाळ्या, खचलेली चेंबरची झाकणं, बारीक खडी, पदपथावरून एकदम खाली उतरणारी माणसं. कडेला चिकटून चालणाऱ्याला यातलं काही चुकवायचं तर उजवीकडेच वळावं लागतं, तेही मागच्याला न कळवता. म्हणून कडेपासून निदान अर्धा मीटर, म्हणजे हातभराहून थोडं जास्त अंतर सोडावं. ब्रिटनमध्येही वाहनं डावीकडूनच चालतात. तिथल्या वाहतूक नियमावलीत २०२२ साली बदल झाले, त्यांत गर्दीच्या रस्त्यांवर सायकलस्वारांना हेच सांगितलं आहे.

लक्ष्मी रस्त्यावर प्रश्न येतो तो कडेला लावलेल्या मोटारींचा. मोटारीचं दार उघडलं की जवळजवळ मीटरभर बाहेर येतं. ताशी १५ किलोमीटर वेगानं जाणारी सायकल सेकंदाला चार मीटर पुढे सरकते. दार दिसून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत आपण त्या दारापाशी पोचलेलो असतो. माझ्या एका सहकाऱ्यांचं खांद्याचं हाड असंच मोडलं. दार त्यांना लागलंच नव्हतं. ते चुकवायला ते उजवीकडे वळले आणि मागच्या दुचाकीनं उडवलं. तेव्हा उभ्या मोटारींपासून मीटरभर लांब राहावं. मध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरून पुन्हा बाहेर येऊ नये, सरळ जावं.

आता पटायला जड गोष्ट. समजा, गल्लीवजा रस्त्यावर आपल्या बाजूला तीन मीटर जागा आहे. मोटारीला पावणेदोन मीटर लागतात, सायकलच्या हँडलला पाऊण. उरला अर्धा मीटर. आपण कडेला सरकलो तर मागच्याला वाटतं, जाता येईल. आणि तो घुसतो. अशा ठिकाणी, वाहतूक संथ असेल तर, मधूनच जावं. हॉर्न वाजेल, वाजू द्यावा. हॉर्न वाजवणाऱ्यानं आपल्याला पाहिलेलं असतं! पुढे रस्ता रुंद झाला की बाजूला होऊन त्याला वाट द्यावी. उड्डाणपुलावर किंवा बाह्यवळण मार्गावर मात्र हे धाडस करू नये, तिथला वेग निराळा असतो.

सिग्नलला उभ्या असलेल्या बसच्या डावीकडे हमखास एक फट असते. त्या फटीत मी कधीच शिरत नाही. बस डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि ती फट मिटते. चालकाला आपण आरशात दिसत असूच असं नाही. बसच्या मागे थांबावं.

उजवीकडे वळायचं असेल तर चौकाच्या बरंच आधी मागे पाहून, हात दाखवून, हळूहळू मधे यावं. नळ स्टॉपसारख्या चौकात मी तेही करत नाही. सायकलवरून उतरतो आणि ती हातात धरून झेब्रा पट्ट्यांवरून चालत जातो. दोन मिनिटं जास्त लागतात.