पेशीच्या दारांवरील पहारा

पेशीच्या पातळ आवरणांतून क्षारांचे विद्युद्भारित कण ये-जा करतात तें प्रथिनांच्या दारांनीं. हीं दारें घडतात मात्र पेशीच्या आंत. तेथें त्यांची घडी तपासली जाते आणि निर्दोष ठरतील तेवढींच सूक्ष्म पिशव्यांतून पृष्ठभागाकडे धाडलीं जातात.

कधीं हा पहारा नको तितका कडक होतो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगांत क्लोराइडच्या दाराच्या १४८० अमिनो आम्लांपैकीं बहुधा ५०८ वें एकच गळालेलें असतें. असें दार अधू खरें, अगदींच निरुपयोगी नव्हे. तरी पेशी तें अडवून मोडून टाकते, आणि फुप्फुसांत चिकट कफ सांचून रोगी मुलें पूर्वीं लहानपणींच दगावत.

या दोषाचा शोध १९८९ चा. अमेरिकेंत २०१९ सालीं मान्य झालेल्या तीन द्रव्यांच्या औषधांतील दोन द्रव्यें दाराची घडी सावरतात, म्हणून तें पृष्ठभागीं पोंचतें. तिसरें तें उघडें राखतें.