न रडणारं लेकरू

हा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या परभणी जिल्ह्यातल्या तालुक्यांमधून ट्रक आणि ट्रॅक्टर उसाच्या फडांकडे निघू लागलेले असतील. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी (एका जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात) पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात आणि फाल्गुन-चैत्रात परततात. शाळेत जाणारी काही मुले त्यांच्याबरोबर जातात, काही आजीजवळ राहतात. मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. लेकरांचे सकाळ-संध्याकाळचे जेवण तिथे होते आणि पटावरची गळती थांबते. ही योजना मोलाचीच आहे. मात्र गळती थांबली म्हणजे लेकरू सावरले, असे मी बरीच वर्षे समजत होतो, ते चुकीचे होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवत असे. एका वर्षी पहिलीतल्या एका मुलीचे आई-बाप पहिल्यांदाच दोघेही गेले. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली ती अगदी शांत. दप्तर मांडीवर घेऊन बसायची, विचारले तेवढेच बोलायची. हजेरी पूर्ण. आजी म्हणाली, “गुरुजी, पोरगी लई शहाणी झाली बघा, रडत बी नाही.” मलाही तसेच वाटले. हट्ट करणाऱ्या पोरांना मी तिचे उदाहरण देत असे.

फाल्गुनात तिची आई ट्रकमधून उतरली ती थेट शाळेच्या फाटकाशी आली. हात पसरून उभी राहिली. मुलीने एकदा पाहिले आणि ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. त्या बाईचा चेहरा पाहिल्यावर मला कळले की त्या पाच महिन्यांत माझ्या वर्गात काहीतरी घडले होते आणि मी त्याला शहाणपण म्हणत होतो.

पुढे वाचनात जेम्स रॉबर्टसन यांचे काम आले. लंडनच्या रुग्णालयांत आईपासून दूर ठेवलेल्या लहान मुलांचे त्यांनी निरीक्षण केले होते. त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये या विषयावर अहवाल लिहिला. वियोगात मुले तीन टप्प्यांतून जाताना दिसतात, असे या दोघांच्या कामातून पुढे आले. आधी मूल आकांत करते. मग ते खचते, गप्प होते. शेवटी अलिप्त होते. खाते, खेळते, पण आई समोर आली तर ओळख दाखवत नाही. परिचारिकांना हा तिसरा टप्पा ‘मूल रुळले’ असा वाटत असे. रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दाखवलेल्या चित्रपटात आठ दिवस रुग्णालयात राहिलेली दोन वर्षांची एक मुलगी आहे. तीही फारशी रडत नाही. सहा वर्षांच्या लेकराला भाषा असते, आजीचा आधार असतो, म्हणून तुलना जपूनच करायला हवी. तरी एक गोष्ट मला पटली : वर्गातले शांत मूल सुखी असेलच असे नाही.

मग शाळेने करायचे काय? अनुभवातून मला चार गोष्टी उपयोगी वाटल्या. पहिली, आई-बापांनी लेकरू झोपेत असताना निघून जाऊ नये. सांगून, निरोप घेऊन जावे. दुसरी, लेकराला तारीख कळत नाही, पण सण कळतात. हुरडा, संक्रांत, महाशिवरात्र, होळी अशी चित्रे भिंतीवर लावली की ‘माय कव्हा येईन?’ या प्रश्नाला बोट ठेवून उत्तर देता येते. तिसरी, रोज सकाळी एकाच माणसाने नावाने हाक मारून विचारपूस करावी. माणसे बदलत राहू नयेत. चौथी, फोन ठरल्या दिवशीच यावा. जे मूल आठवडेच्या आठवडे जेवत नाही, झोपत नाही, बोलत नाही, त्याच्यासाठी डॉक्टरच गाठावा. २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांकही आहे.

यात नवे काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा मुले बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या पाड्यावरच्या अंगणात नेली. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हा त्यातला धडा.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई करते. पण मनाईने माया येत नाही. याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. ऐन हंगामात मात्र ज्यांच्या लेकरांचा प्रश्न आहे तेच पालक फडात असतात. म्हणून निदान एक बैठक दसऱ्याआधी, खास याच विषयावर व्हावी. लेकरू कशाला भिते, कोणाजवळ झोपते, काय आवडीने खाते, हे आईकडून त्याच दिवशी लिहून घ्यावे. त्याला निधी लागत नाही.

पुढच्या दिवाळीत त्या मुलीच्या आईला मी वर्गात बोलावले. तिने लेकीला समोर बसवून सांगितले, “होळी झाली की येते.” ती गेल्यावर मुलगी दोन दिवस हमसून हमसून रडली. आजी तक्रार घेऊन आली. मी म्हटले, “रडू द्या, आजी.” आणि तिला जवळ घेऊन बसलो. होळीनंतर आई आली तेव्हा ती अर्धा तास आईशी बोलली नाही, रागाने पाठमोरी बसली. मग हळूच सरकत जाऊन मांडीवर बसली.