कवळीची निगा : स्वच्छता कोणती, झीज कोणती?

आपल्या रुग्णालयाच्या दंतविभागात देणगीदारांच्या साहाय्यातून गरजू वृद्धांना कवळ्या बसवून देण्यात येतात. कवळी बसली, भाकरी चावता येऊ लागली, उच्चार स्पष्ट झाले, की कार्य पूर्ण झाले असा समज होतो. वस्तुतः कवळी किती काळ टिकणार, हे पुढे घरच्या मोरीवर ठरते. दुर्लक्षामुळे कवळी खराब होते, तशीच ती चुकीच्या पद्धतीने केलेल्या स्वच्छतेमुळेही खराब होते. म्हणून या विषयाची थोडी माहिती येथे देत आहोत.

१९३७ च्या सुमारास कवळीसाठी ॲक्रिलिक वापरात आले आणि आजही बहुतेक कवळ्या त्याच्याच असतात. नैसर्गिक दातांवरील आवरण अतिशय कठीण असते. ॲक्रिलिक त्यामानाने मऊ. त्यामुळे दातांना चालणारी टूथपेस्ट कवळीवर बारीक ओरखडे पाडते. राखुंडी, मिश्री किंवा भांडी घासण्याची पावडर वापरल्यास हानी अधिकच होते. हे ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत. मात्र त्यांत अन्नकण, डाग व बुरशी घर करतात. कवळी अस्वच्छ वाटते, म्हणून ती अधिक जोराने घासली जाते आणि ओरखडे वाढतात. हिशेबाच्या भाषेत ज्याला घसारा म्हणतात, तो येथे अक्षरशः घासण्यातून येतो.

जंतू मरावेत या हेतूने काही घरांत कवळी उकळत्या पाण्यात टाकली जाते. उष्णतेने तिचा आकार बदलतो. हा बदल अल्प असला, तरी कवळी हिरडीवर नीट बसत नाही, टोचते व जखमा करते. कपड्यांच्या ब्लीचने हिरडीसारखा गुलाबी रंग उडतो, आतील मऊ अस्तर खराब होते आणि अर्धवट कवळीतील धातूच्या पट्ट्या व आकडे गंजतात.

बाजारात मिळणाऱ्या फेसाळ गोळ्या पाण्यात विरघळवून त्यात कवळी ठेवल्यास डाग सैल होतात. परंतु त्या ब्रशची जागा घेऊ शकत नाहीत. या गोळ्या तोंडात घालू नयेत. त्यांतील परसल्फेटची काहींना ॲलर्जी होते. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००८ मध्ये त्याविषयी इशारा दिला होता. म्हणून कवळी घालण्यापूर्वी भरपूर पाण्याने धुवावी.

योग्य पद्धत सोपी व अल्पखर्ची आहे. हातातून निसटून कवळी फुटू नये, यासाठी खाली पाण्याने अर्धे भरलेले घमेले किंवा ओला पंचा असावा. प्रत्येक जेवणानंतर कवळी धुवावी. दिवसातून एकदा मऊ ब्रश व साध्या सौम्य साबणाने, विशेषतः हिरडीकडील बाजू, हलक्या हाताने स्वच्छ करावी. हिरड्या, टाळू व जीभही पुसावी. रात्री कवळी काढून साध्या थंड पाण्यात ठेवावी आणि ते पाणी रोज बदलावे. कोरडी राहिल्यास तिच्या मापात फरक पडतो.

रात्री कवळी काढण्यामागे आणखी एक कारण आहे. जपानमध्ये ८५ व त्यापुढील वयाच्या ५२४ वृद्धांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक आढळला. केवळ कवळीमुळेच न्यूमोनिया होतो, असे यावरून म्हणता येत नाही. तथापि तोंडातील जंतू फुप्फुसात उतरू शकतात, हे ध्यानात घेता ही खबरदारी उचितच ठरते.

आंतररुग्णांच्या नातेवाइकांना आमची एक विनंती आहे. कवळी कागदात किंवा रुमालात गुंडाळून उशाशी ठेवू नये. ती कचऱ्यात वा धुण्यात जाते. नाव लिहिलेल्या, झाकणाच्या डबीत पाणी घालून ठेवावी व त्याची कल्पना परिचारिकेला द्यावी. रुग्ण स्वतः उठू शकत नसेल, तर ही सेवा घरच्यांनी करावी.

कवळी सैल झाल्यास वा टोचू लागल्यास ती घरी कानशीने घासू नये; दंतविभागात दाखवावी. तक्रार नसली, तरी वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी. नीट जपलेली एक कवळी म्हणजे एका वृद्धाचे सुखाचे जेवण होय; शिवाय वाचलेल्या खर्चातून दुसऱ्या गरजूची सोय होते. देणगीदारांच्या दानाचे मोल अशा रीतीने घरोघरी जपले जावे, ही आमची नम्र अपेक्षा आहे.