लिनक्सवर वायफाय दिसत नाही? लॅपटॉप भंगारात काढू नका

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून जुन्या लॅपटॉपवर मोफत उबुंटू टाकलंत, पण वायफायच दिसत नाही? घाबरू नका. बहुतेकदा कार्ड बिघडलेलं नसतं, त्याचा ड्रायव्हर नसतो. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांत हे बऱ्याचदा घडतं. ड्रायव्हरला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर! हा तिढा तुमचा मोबाइल सोडवतो.

• आधी एअरप्लेन मोड आणि लॅपटॉपवरचं वायफायचं बटण तपासा.

• फोन केबलने जोडून त्याच्या सेटिंग्जमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा.

• लॅपटॉपवर 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडा, सुचवलेला ड्रायव्हर निवडा आणि रीस्टार्ट करा.

• सिक्युअर बूट चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जाईल. तो लिहून ठेवा. रीस्टार्ट होताना निळ्या स्क्रीनवर 'एनरोल मॉक' निवडून तोच द्या. हे राहिलं तर ड्रायव्हर चालत नाही.

तरीही जमलं नाही, तर लिनक्सवर चालणारा छोटा यूएसबी वायफाय डोंगल लावा. अजून इन्स्टॉल केलं नसेल, तर पेन ड्राइव्हवरून 'ट्राय उबुंटू' निवडून वायफाय आधीच तपासा. त्यात तुमचं विंडोज आणि मुलांचे फोटो जसेच्या तसे राहतात.