विश्लेषण : सिलिंडर गेला, पाइप गॅस आला, डिटेक्टर मात्र खालीच?

सिडकोने वसवलेल्या खारघरमध्ये आज दोन प्रकारची स्वयंपाकघरे शेजारी-शेजारी नांदतात. कुठे महानगर गॅसचा पाइप थेट शेगडीपर्यंत पोहोचला आहे, तर कुठे ओट्याखाली किंवा ड्राय बाल्कनीत अजूनही १४.२ किलोचा लाल सिलिंडर उभा आहे. ज्योत दोन्हींची निळीच. पण गळती झाली तर हे दोन गॅस अगदी उलट दिशांना जातात. त्यामुळे सिलिंडरच्या काळात जमिनीलगत बसवलेला गॅस डिटेक्टर पाइप गॅस आल्यावरही तिथेच राहिला, तर तो ऐन वेळी गप्प राहू शकतो.

दोन गॅसमध्ये फरक काय?

सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. त्यांचे रेणूभार अनुक्रमे ४४ आणि ५८. हवेचा सरासरी रेणूभार २९ आहे. म्हणजे एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. पाइपमधून येतो तो मुख्यत्वे मिथेन, रेणूभार १६. तो हवेच्या निम्म्याहून थोडाच जास्त वजनाचा. साहजिकच सिलिंडरची नळी गळली तर गॅस फरशीवर पसरतो. पाइपचा जोड गळला तर गॅस छताकडे चढतो आणि माळ्यावर, पीओपीच्या खोबणीत साचतो.

मग जड गॅस कायम खालीच राहतो का?

नाही, आणि गैरसमज होतो तो इथेच. चहात साखर टाकली की ती आधी तळाशी जाते. पण एकदा ढवळून विरघळली की कप तासभर ठेवला तरी ती पुन्हा खाली बसत नाही. वायूंचेही तसेच, फक्त इथे चमचा लागत नाही. खोलीच्या तापमानाला प्रोपेनचा रेणू सरासरी ताशी सुमारे १,५०० किलोमीटर वेगाने धावत असतो आणि दर सेकंदाला अब्जावधी वेळा शेजारच्या रेणूंना धडकतो. एवढ्या धुमश्चक्रीत एकट्या रेणूचे वजन त्याला खाली ओढून ठेवू शकत नाही.

शाळेच्या पुस्तकातून ओळखीचे असलेले जॉन डाल्टन यांनी दोनशे वर्षांपूर्वी हे तपासले होते. खालच्या बाटलीत जड कार्बन डायऑक्साइड, वरच्या बाटलीत हलका हायड्रोजन आणि मध्ये जोडलेली अरुंद नळी. काही तासांनी दोन्ही वायू दोन्ही बाटल्यांत सापडले. जड वायू वर चढला होता, हलका खाली उतरला होता.

गुरुत्वाकर्षणाचा परिणाम शून्य नसतो, पण नगण्य असतो. नऊ फूट उंच स्वयंपाकघरात प्रोपेन पूर्ण मिसळल्यावर फरशीजवळचे आणि छताजवळचे प्रमाण यांत हजारात अर्ध्या भागाएवढाच फरक उरतो. चाळीस मजली टॉवरएवढी उंच खोली कल्पिली तरी तो दोन टक्क्यांच्या आसपास. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असूनही फरशीवर झोपणाऱ्याचा जीव गुदमरत नाही, त्याचे कारण हेच.

धोका मग कशाचा?

वेळेचा. हवा अगदी स्तब्ध असेल, तर केवळ रेणूंच्या भटकंतीने फरशीपासून छतापर्यंत मिसळायला काही दिवस लागू शकतात. गळती लागते ती मिनिटांत. गॅस बाहेर पडतो तेव्हा सुटे रेणू नव्हे, तर गॅसचा अख्खा लोट हवेत शिरतो आणि त्या लोटाला जडपणा पुरेपूर लागू होतो. ढवळण्यापूर्वीची साखर ती हीच.

आकडे पाहा. एलपीजी हवेत साधारण दोन टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. आठ बाय सात फुटांचे, नऊ फूट उंचीचे बंद स्वयंपाकघर म्हणजे सुमारे १४ घनमीटर हवा. त्यात गॅस एकसारखा मिसळला, तर दोन टक्क्यांसाठी अर्ध्या किलोहून अधिक गॅस गळावा लागेल. पण तोच गॅस फरशीलगतच्या एक फूट थरात राहिला, तर साधारण ६५ ग्रॅम पुरतात. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून ६५ ग्रॅम गेले, हे वजन करूनही सहज कळणार नाही. बरे, मिसळला म्हणजे धोका टळला असेही नाही. शुद्ध गॅस जळत नाही, जळते ते त्याचे हवेशी ठरावीक प्रमाणातले मिश्रण. एलपीजीसाठी ते अंदाजे दोन ते साडेनऊ टक्के, मिथेनसाठी पाच ते पंधरा टक्के. बंद खोलीत मिसळण्याची क्रियाच गॅसला त्या प्रमाणात आणून सोडते.

खिडकी उघडली की पुरे?

पाइप गॅससाठी वरची झडप किंवा खिडकीचा वरचा भाग उघडा असेल तर बऱ्याच अंशी पुरे. सिलिंडरबाबत नाही. ओट्यावरच्या खिडकीची चौकट जमिनीपासून तीनेक फुटांवर असते आणि जड गॅस तिच्या खालीच रेंगाळतो. त्याला दाराच्या उंबऱ्यावरून किंवा तळाच्या जाळीतून वाट लागते. ती नसेल तर तो मोरीच्या जाळीतूनही खाली उतरतो. खारघरमध्ये सर्रास दिसणारी, काचेच्या सरकत्या खिडक्यांनी बंद केलेली ड्राय बाल्कनी म्हणूनच सिलिंडरसाठी वाईट जागा आहे. बाहेरून ती मोकळी वाटते, पण तळाला वाट नसेल तर ती एक खोल टाकीच असते.

वास आला तर शेगडी आणि रेग्युलेटर (पाइप गॅस असल्यास मीटरजवळचा कॉक) बंद करून दारे-खिडक्या हाताने उघडाव्यात. गॅस लवकर मिसळावा म्हणून पंखा किंवा एक्झॉस्ट लावण्याचा मोह टाळावा. दिव्याचे बटणही जसे आहे तसे राहू द्यावे, कारण सुरू करतानाच नव्हे, बंद करतानाही ठिणगी पडते. सिलिंडर गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

डिटेक्टर कुठे असावा?

एलपीजीसाठी फरशीपासून सुमारे एक फूट उंचीवर, पाइप गॅससाठी छतापासून सुमारे एक फूट खाली. उपकरणाच्या पाठीमागे किंवा माहितीपत्रकात ते कोणत्या गॅससाठी आहे हे लिहिलेले असते. फक्त एलपीजीसाठीचे असेल तर ते वर सरकवून काम भागत नाही, नवेच घ्यावे लागते. पाइपचे कनेक्शन आले त्या दिवशी शेगडीची नोझल बदलली जाते. भिंतीवरच्या डिटेक्टरकडे मात्र घरातल्यांनाच पाहावे लागते.