जुन्या जोत्याला नवी खोली

सकाळी ६:४५
कुडाळ तालुक्यातलं गाव. मे महिन्यातला शनिवार. घरमालकीण काकी मांगरात चूल पेटवतात. घराचं काम निघाल्यापासून त्यांचा मुक्काम मांगरातच. पुढची ओटी आणि माजघर उभं आहे, त्यावर कौलं परत चढली आहेत. मागची पडवी पाडली. तिथं बारा फूट रुंद, चोवीस फूट लांब अशी वाढ होतेय. मुंबईतल्या दोन मुलांना एकेक खोली.

८:१५
मिस्त्री मोटारसायकलवरून येतात. पिशवीत थापी, ओळंबा, गुण्या, दोरी आणि पाण्याने भरायची पारदर्शक नळी. "काकी, पंप लावा, चिरे भिजवूचे आसत." जांभा तहानलेला असतो. कोरडा लावला तर मालातलं पाणी शोषून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. एक गडी नळी घेऊन चिऱ्यांच्या थप्पीवर उभा राहतो.

९:००
सगळे हजर. मिस्त्री धरून दोन गवंडी, दोन गडी, दोन बाया. गवंड्याचा रोज हजार, गड्याचा साडेसहाशे, बाईचा साडेचारशे. चिऱ्याचं वजन तीस किलोच्या आसपास. तो डोक्यावरून वाहतात त्या बाया.

एक गडी कोपऱ्यात न्हाणीघराचा पाया खणतोय. दोन फुटांवर माती संपली, पण मिस्त्री थांबू देत नाहीत. पहार आपटली की आवाज बदलला पाहिजे. जुनं घर कातळावर बसलंय, नवं मातीवर बसवलं तर दोन-तीन पावसाळ्यांत खचतं आणि भेग बरोबर जोडावर येते.

१०:००
आता खरं काम. माजघराच्या मागच्या भिंतीत दोन दारं, प्रत्येक खोलीला एक. मिस्त्री नळीचं एक टोक पहिल्या दाराशी धरतात, दुसरं टोक गडी दुसऱ्या दाराशी नेतो. पाणी हलतं, थांबतं. पेन्सिलीची खूण. जुनी जमीन एका दारापासून दुसऱ्यापर्यंत दीड इंच उतरलेली निघते. कुणी तरी कधी तरी डोळ्याने केलेलं काम. मातीची जमीन, शेणाचं सारवण, तेव्हा कुणाचं अडलं नसेल. आता वर टाइल्स यायच्या आहेत.

पुन्हा मोजतात. तेच.

"नव्या घराक दोर धरलो की झाला," मिस्त्री म्हणतात. "हयसर आधी जुन्याक इचारूक व्हया."

माजघराची जमीन उकरून सरळ करता येईल, पण गणपतीची जागा तिथेच आहे. वर माटवी टांगायच्या कड्या, खाली पाटाची जागा. काकींनी पहिल्याच दिवशी बजावलंय, "बाकी काय ता करा, तेवडी जागा हलवू नको." म्हणून उतार तसाच राहतो. नव्या दोन्ही खोल्या एका पातळीत घ्यायच्या आणि दोन्ही दारांना तीन इंचांचे उंबरठे बसवायचे. पाय उचलून आत जाणाऱ्याला दीड इंच कळत नाही. लबाडी म्हणा, मला ती कारागिरी वाटली.

११:३०
चहा, बटर. त्यानंतर जुन्या भिंतीला दात पाडणं. एका थराआड एक खाच, म्हणजे नवा चिरा जुन्या भिंतीत शिरून बसेल. जुनं बांधकाम मातीतलं. जोरात घाव घातला तर शेजारचे चिरेही सुटतील. छिन्नी तिरपी, हातोडी हलकी. एका खाचेला वीस मिनिटं जातात. सरळ भिंतीवर तेवढ्या वेळात तीन-चार चिरे बसले असते.

१:००
जेवण. भाकरी, सुकटीची चटणी, काकींनी दिलेली सोलकढी. मुंबईहून मोठ्या मुलाचा व्हिडिओ कॉल. "मिस्त्री, भिंत दिसत नाही अजून." मिस्त्री फोन दाताच्या खाचांवर धरतात. पलीकडून बाथरूमच्या टाइल्सचा रंग विचारला जातो.

२:००
सावलीला एक बाई पाडलेल्या पडवीचे चिरे साफ करत बसते. चिकटलेली माती खरवडायची, कडा पाहायच्या, फुटका बाजूला टाकायचा. दिवसाला चाळीस चांगले निघतात. नवा चिरा जागेवर पोचून बेचाळीस रुपयांना पडतो. चाळीस चिऱ्यांचे झाले सोळाशे ऐंशी. तिचा रोज साडेचारशे.

आत दुसरा गवंडी ओटीला गिलावा करतोय. इथलं काम अखेरीला आलंय. जुने सांधे उकरून, भिंत ओली करून, पहिला हात खरबरीत मारून ठेवला होता. आज दुसरा. जुनी भिंत आणि नवा चिरा जिथं भेटतात तिथं आधी जाळी ठोकलीय.

४:००
पुन्हा चहा. दोरी ताणलेली, कोपरे आधी उचललेले. मिस्त्री चिरा उचलतात, फिरवतात, तासणीने एक गाठ उडवतात, मालावर ठेवतात, थापीच्या मुठीने दोन ठोके. ओळंबा. पुढचा. दिवसभरात दीड थर, साठेक चिरे. दातांचं काम नसतं तर दोन थर सहज झाले असते.

५:४५
थाप्या, घमेली धुऊन झाली. कालच्या बांधकामावर पाणी. छपराचे लोखंडी पाइप मांगराशेजारी आले आहेत, वेल्डिंगवाला फोन उचलत नाही. मृग चार आठवड्यांवर.

६:१५
शनिवार, म्हणून पगार. मुंबईच्या मुलांनी पंचवीस हजार पाठवले आहेत. गवंड्याचे सहा हजार, दोन गड्यांचे सात हजार आठशे, दोन बायांचे पाच हजार चारशे. एकीने पाचशे उचल घेतली होती, ती मिस्त्री या आठवड्यात कापत नाहीत. मिक्सरचं डिझेल आणि टेम्पो मिळून बाराशे. मिस्त्रींकडे सहा दिवसांचे उरतात चार हजार सहाशे, हाताखालच्या गवंड्याहून कमी. ठेका चौरस फुटावर आहे. दात, जाळी, उंबरठा यांचं माप चौरस फुटात निघत नाही.

जुन्या घराला खोली जोडणार असाल तर मजुरी ठरवतानाच जोडकामाचे पैसे वेगळे बोला.